मौनाचे कुलमुखत्यार

घरपोच माल आणणाऱ्यांनी आणि घरकामाला येणाऱ्या बायांनी मुख्य लिफ्ट वापरू नये, असे फलक बोभाटा झाला की उतरवले जातात आणि त्याबरोबर विषयही मिटला असे मानले जाते. तथापि फलकापेक्षा त्याच्या समर्थनार्थ दिला जाणारा खुलासा अधिक चिंताजनक आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रस्ताव मांडला होता, त्यावर कोणी हरकत घेतली नाही, म्हणून तो सर्वानुमते मंजूर झाला, असा हा खुलासा असतो आणि तो देणाऱ्याच्या चेहऱ्यावर लोकशाही पाळल्याचे समाधान असते.

हे तर्कशास्त्र शेवटपर्यंत नेऊन पाहावे. रात्री साडेअकराला प्रस्ताव ग्रुपवर पडतो, त्याखाली सहा-सात अंगठे उगवतात (एके काळी अंगठा सही न येणारा उठवत असे, आता तो सही करण्याचा कंटाळा असलेला उठवतो), आणि सकाळी दूध येईपर्यंत निर्णय झालेला असतो. या अवधीत जो झोपला होता त्याची संमती; रात्रपाळीला गेलेल्या परिचारिकेची संमती; शुभप्रभातच्या फुलांना कंटाळून ज्याने ग्रुप कायमचा म्यूट केला आहे त्याची संमती; सहा महिन्यांसाठी मुलीकडे न्यू जर्सीला गेलेल्या दांपत्याची संमती; आणि ज्या सभासदाचे निधन झाले पण ज्याचा क्रमांक ग्रुपमधून काढायचा राहून गेला, त्याचीही संमती, जी तर आता मागे घेतली जाईल अशी भीतीच उरलेली नाही. ज्यांनी संदेश वाचला त्यांची नावे निळ्या खुणांखाली दिसतात आणि वाचूनही जो बोलला नाही तो अनुकूलच असला पाहिजे असा निष्कर्ष निघतो. तो हताश होऊन गप्प बसला असेल, ही शक्यता विचारात घेण्याचे कारण कोणालाच वाटत नाही.

मौज अशी की हा नियम उलट दिशेला लागू होत नाही. पहारेकऱ्याचा पगार वाढवावा असे एखाद्याने सुचवले आणि त्यावर नेमकी तेवढीच शांतता पसरली, तर तिचा अर्थ सभासदांना वाढ मान्य नाही असा लावला जातो. तीच शांतता एका प्रस्तावाला मंजुरी देते आणि दुसऱ्याला केराची टोपली दाखवते, परंतु तिचा अर्थ लावण्याचा अधिकार दोन्ही वेळा अंगठे उठवणाऱ्या त्याच सहा-सात जणांकडे राहतो. न बोलणाऱ्यांचे हे कुलमुखत्यारपत्र या सहा-सात जणांनी स्वतःच लिहिलेले असते आणि त्यावर बोलवित्या धन्याची सहीच नसते. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात निदर्शने चालू असताना रिचर्ड निक्सन यांनी ३ नोव्हेंबर १९६९ च्या भाषणात अमेरिकेतील मूक बहुसंख्यांना साद घातली, तेव्हापासून हे पत्र जगभर चालते; निक्सन यांना निदान त्यासाठी राष्ट्राध्यक्ष व्हावे लागले होते.

गप्प बसण्याची कारणमीमांसा अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांतील असमान सहभागाचे ढोबळ प्रमाण मांडले, त्यानुसार शंभरातील नव्वद जण केवळ वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सारा मजकूर उरलेल्या एकाचा असतो. त्याआधी १९७४ मध्ये जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी मौनाच्या आवर्ताचा सिद्धान्त मांडला होता. आपले मत अल्पमतात आहे असे वाटू लागलेला माणूस एकटे पडण्याच्या भयाने गप्प होतो, त्यामुळे ते मत आणखी दुबळे भासते आणि पुढचाही गप्प होतो, असा त्याचा आशय. सोसायटीच्या ग्रुपमध्ये या भयाला भिंती आणि दारे असतात. अनोळखी लोकांच्या चर्चेत विरोध करणाऱ्याला फार तर शिव्या मिळतात, परंतु येथे पार्किंगचे वाटप, वरच्या मजल्यावरून होणारी गळती आणि भाडेकरू ठेवताना मागितली जाणारी सही हे सारे ज्यांच्या हाती आहे तेच पहिला अंगठा उठवणारे असतात. ज्यांच्याविषयी निर्णय होतो ती घरकामाची बाई आणि माल पोचवणारा मुलगा तर ग्रुपवर नसतातच, आणि भाडेकरू नाममात्र सभासद झाला तरी त्याला मताधिकार नसतो.

सोसायट्यांना लागू असलेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हाही मौनाविषयी भाबडा नाही. आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेची गणपूर्ती, म्हणजे कामकाजासाठी आवश्यक किमान उपस्थिती, एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा वीस यांपैकी जी संख्या कमी असेल ती. आणि तेवढेही अर्ध्या तासात न जमल्यास तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या सभेत गणपूर्तीशिवायही काम चालते. दोनशे सदनिकांच्या संकुलात मूठभर माणसे ठराव करू शकतात हे कायद्याने गृहीतच धरले आहे. फरक असा की वार्षिक सभेसाठी पूर्ण चौदा दिवसांची नोटीस लागते, विषयपत्रिका लागते, प्रत्येक सभासदाला एकच मत असते आणि इतिवृत्त लिहावे लागते, त्यामुळे गैरहजर राहणाऱ्याला आपण कशाला गैरहजर आहोत हे तरी कळते.

वेळ नाही, वाद नको, आपण भले आणि आपले घर भले, या सबबींविषयी काही लिहिण्यात अर्थ नाही. त्या देणारेच लिफ्टमध्ये सर्वाधिक कुरकुरतात. बोलघेवड्यांच्या बाजूने एवढे मान्य करावे लागते की पाण्याची टाकी धुऊन घेणारे, पालिकेत खेटे घालणारे आणि फुकट शिव्या खाणारेही बहुधा तेच असतात. त्यांनी बोलणे थांबवावे अशी अपेक्षा नाही आणि ते थांबवतील अशी आशाही नाही. अंगठे मोजून ठराव लिहिणे तेवढे थांबवावे. ज्यांना त्यांचे निर्णय मान्य नाहीत त्यांच्यासाठी अधिनियमाचे ७६ वे कलम उपलब्ध आहे: एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास समितीला महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, आणि त्या मागणीवर अंगठ्याचे चित्र चालत नाही, सही करावी लागते.