धमनीचा उगम

सीटी अँजिओसाठी येणाऱ्या माणसाचा प्रश्न एकच असतो: ब्लॉकेज आहे का, आणि असेल तर किती टक्के. तीस टक्के म्हटलं की हुश्श, सत्तर म्हटलं की लगेच घरात फोनाफोनी. उत्तर द्यायला मीच बसलेली असते. पण पडद्यावर हृदय उलगडलं की मी आधी पाहते ते धमन्या निघतात कुठून. हृदयविकारतज्ज्ञाने चिठ्ठीत हे विचारलेलं नसतं, पेशंटला तर असा काही प्रश्न असू शकतो हेच ठाऊक नसतं.

महाधमनी हृदयातून बाहेर पडते तिथे तिच्या बुडाशी तीन छोटे फुगवटे असतात. उजवी हृदयधमनी उजव्या फुगवट्यातून निघते, डावी डाव्यातून, आणि तिसऱ्यातून काहीच निघत नाही. डावी थोड्याच अंतरावर दुभंगते. एक फांदी हृदयाच्या पुढून खाली उतरते, दुसरी मागे वळसा घालते. बहुतेकांच्या छातीत हे चित्र पुस्तकातल्यासारखंच असतं. काहींच्या नसतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने १९६० ते १९८८ या काळातल्या १,२६,५९५ अँजिओग्राफींचा हिशोब १९९० मध्ये मांडला, तेव्हा १,६८६ जणांच्या धमन्यांत जन्मजात वेगळेपण निघालं, म्हणजे १.३ टक्के. त्यातले पाचांपैकी चार निरुपद्रवी होते. मागे वळसा घालणारी फांदी कधी उजव्या बाजूने निघून महाधमनीच्या मागून डावीकडे जाते. तिचा मालक नव्वदीपर्यंत मजेत जगतो. झडपेचं ऑपरेशन करायचं झालं, तरच सर्जनला ती तिथे आहे हे माहीत असावं लागतं.

झोप उडवणारा प्रकार वेगळा आहे. डावी धमनी उजव्या फुगवट्यातून निघते, किंवा उजवी डाव्यातून, आणि आपल्या बाजूला जाताना ती महाधमनी आणि फुप्फुस धमनी या दोघींच्या मधून जाते. चित्र पाहिलं की कुणालाही वाटतं, दोन मोठ्या नळ्यांमध्ये बिचारी चेंगरत असणार. पेशंटच्या नातेवाइकांना समजावताना बरेच डॉक्टरही असंच सांगतात. पण फुप्फुस धमनीतला वरचा दाब पंचवीसच्या आसपास, आणि हृदयधमनीत महाधमनीचाच एकशेवीसचा. पंचवीसवाली एकशेवीसवालीला काय दाबणार? खरी अडचण धमनीच्या तोंडाशी असते. अशा धमनीचा सुरुवातीचा तुकडा बऱ्याचदा महाधमनीच्या भिंतीच्या आतूनच तिरका सरकतो, आणि तिचं तोंड गोल न राहता शर्टाच्या काजासारखं फटीचं होतं. माणूस जोरात धावतो, महाधमनी ताणली जाते, फट आणखी मिटते, आणि हृदयाला रक्त सगळ्यात जास्त हवं असतं नेमकं तेव्हाच ते कमी पडतं. विश्रांतीत सगळं ठीक. म्हणून ईसीजी बोलत नाही, आणि कित्येकदा ट्रेडमिलची स्ट्रेस टेस्टसुद्धा.

हे किती गप्प असतं याचा दाखला २००० मध्ये इटली आणि अमेरिकेतल्या नोंदींवरून आलेल्या एका अभ्यासात आहे. अचानक मेलेले २७ तरुण खेळाडू. २३ जणांची डावी धमनी चुकीच्या जागेतून निघालेली, चौघांची उजवी. ज्यांचे ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट आधी काढलेल्या होत्या, त्यांच्या त्या नॉर्मल होत्या. एकूण पाहिलं तर उजवीचा दोष डावीपेक्षा कितीतरी जास्त लोकांत सापडतो. तरी मेलेल्यांत डावीवाले इतके जास्त, यातूनच कुठल्या बाजूचा दोष किती घाबरण्याजोगा हे कळतं.

याच्याही पलीकडचं उदाहरण पीट मॅरविचचं. अमेरिकी बास्केटबॉलमधला हा मोठा खेळाडू, दहा हंगाम व्यावसायिक पातळीवर खेळला. जानेवारी १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात मित्रमंडळींबरोबर सहज खेळताना कोसळला आणि गेला. वय चाळीस. शवविच्छेदनात दिसलं की त्याला डावी हृदयधमनी नव्हतीच. सगळ्या हृदयाचा भार उजवीने एकटीने वाहिला होता. असं हृदय घेऊन एवढा खेळ कसा झाला, हे शरीरशास्त्राच्या हिशोबात मला अजून नीट बसवता येत नाही.

माझ्याच शाखेतली एक गोष्ट याहून जवळची आहे. १९३३ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड या तिघांनी एका तान्ह्या बाळाची हकीकत छापली. त्याची डावी हृदयधमनी महाधमनीऐवजी फुप्फुस धमनीतून निघत होती, म्हणजे हृदयाच्या डाव्या भागाला अशुद्ध रक्त, तेही कमी दाबाने. बाळ वाचलं नाही. त्याचे वडील ऑब्री हॅम्प्टन त्याच हॉस्पिटलमधले क्ष-किरणतज्ज्ञ होते. फुप्फुसाच्या क्ष-किरणचित्रातल्या एका खुणेला आम्ही आजही त्यांचं नाव देतो. छातीच्या सावल्या वाचण्यात ज्याचा हात कुणी धरला नसता, त्याच्या घरातला हा आजार. आणि तो नेमका कुठे आहे हे दाखवणारं यंत्र तेव्हा जगात कुठेच नव्हतं.

जिवंत माणसाच्या हृदयधमन्या नीट दिसायला त्यानंतर पंचवीस वर्षं जावी लागली. ऑक्टोबर १९५८ मध्ये क्लीव्हलँडला मेसन सोन्स महाधमनीत डाय सोडत होते, तेव्हा नळी अपघाताने उजव्या हृदयधमनीत सरकली. सगळे घाबरले, पण पेशंट तगला आणि त्या अपघातातून अँजिओग्राफी उभी राहिली. मात्र तिच्यात दिसते ती रक्ताची सावली. धमनी महाधमनीच्या पुढून गेली की मागून, भिंतीच्या आतून की बाहेरून, हे सावलीवरून ताडावं लागतं, आणि भले भले त्यात चकतात. सीटीमध्ये मी हृदय हवं तसं फिरवते, हव्या त्या जागी कापते, धमनीच्या तोंडाचा आडवा छेद घेऊन ते गोल आहे की फट, हे मोजते. ती फुप्फुसाच्या झडपेच्या वरून जाते की खालून स्नायूतून, हेही बघते, कारण खालून जाणारी सहसा त्रास देत नाही.

हे जमायला एक हलणारा अवयव थोपवावा लागतो. ठोके साठच्या आसपास यावेत म्हणून मेटोप्रोलॉलची गोळी, धमन्या फुलाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन, मग दंडातल्या शिरेतून वेगाने डाय. अंगभर गरम लाट येते, तिची आधी कल्पना दिली नाही तर माणूस दचकतो, ठोके वाढतात आणि सगळी चित्रं धूसर. आमचा टेक्निशियन या कामात वाकबगार आहे. “काका, आता अंगात गरम वाटेल, काही होत नाही, श्वास आत घ्या आणि धरून ठेवा,” हे तो ज्या सुरात म्हणतो, त्या सुराचा अर्धी गोळी वाचवण्याइतका तरी उपयोग होत असावा.

गेल्या काही वर्षांतले दोन पेशंट मला एकमेकांशेजारी ठेवावेसे वाटतात. एक किराणा दुकानदार, पन्नाशी ओलांडलेले. जेवणानंतर छातीत जळजळ, स्ट्रेस टेस्ट धड इकडे ना तिकडे, म्हणून सीटी. ब्लॉकेज नावाला नाही, पण उजवी धमनी डाव्या फुगवट्यातून निघून दोन मोठ्या धमन्यांच्या मधून गेलेली. दुसरा बावीस वर्षांचा मुलगा. पोलीस भरतीच्या ग्राउंडची तयारी करत होता. सोळाशे मीटरच्या शेवटच्या फेरीत दोनदा डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडला. गावात सगळे म्हणाले, पोरगं उपाशी पळतं. इको करणाऱ्या डॉक्टरांना उगमाची शंका आली म्हणून त्याला इकडे पाठवलं. त्याची डावी धमनी उजवीकडून निघत होती, तोंड फटीचं, सुरुवातीचा तुकडा भिंतीच्या आत.

मुलाच्या बाबतीत विचार करायला फार जागा नव्हती. मी रिपोर्ट टाइप होण्याआधीच हृदयविकारतज्ज्ञांना फोन केला. पळणं त्याच दिवशी बंद झालं आणि पुढे ऑपरेशन. त्यात भिंतीच्या आतला तुकडा उघडून तोंड मोठं करतात. भरती हुकल्याचं दुःख त्याला ऑपरेशनपेक्षा मोठं होतं, आणि ते मला समजतं.

खरा पेच दुकानदारांचा. “म्हणजे मॅडम, हे जन्मापासून आहे?” हो म्हटल्यावर ते बायकोकडे बघून म्हणाले, “मग आजवर मी साखरेची पोती उचलली, ती कशी काय?” मला वाटतं, इतक्या वर्षांची ही पोती आमच्या कुठल्याही तपासणीइतकीच बोलकी आहेत. अशा दोषाचा धोका मुख्यतः तिशी-पस्तिशीच्या आत, जोराच्या श्रमात असतो. ती वर्षं ते ओलांडून आले होते. शवविच्छेदनाच्या टेबलावरून पाहिलं की हा दोष काळ वाटतो, आणि सीटीच्या टेबलावरून पाहिलं की एक गंमत. दोन्ही टेबलं खरं सांगतात, फक्त माणसं वेगळी असतात. माझ्याकडे पोचतात ते बहुतेक आधीच तगलेले. ज्यांना या तपासणीची सगळ्यात जास्त गरज होती, त्यांतल्या अनेकांना आधी कसलाच त्रास नसतो, मग त्यांना कोण पाठवणार? सरसकट सगळ्या तरुणांची सीटी काढा असं म्हणणं सोपं आहे. पण किरणांचा मारा आणि खर्च बाजूला ठेवले, तरी त्यातून निघणाऱ्या असंख्य निरुपद्रवी वेगळेपणांचं ओझं कोण वाहणार? जन्मभर ठणठणीत असलेल्या माणसाला एका ओळीच्या रिपोर्टने हृदयरोगी करून टाकणं मी पाहिलेलं आहे. पळताना मूर्च्छा आली किंवा श्रमात छातीत दुखलं, की ते कोवळ्या वयाचं आहे म्हणून झटकून टाकू नये, एवढा आग्रह मात्र मी धरते.

म्हणून मी रिपोर्टमध्ये नुसता दोष लिहून थांबत नाही. तोंडाचा आकार, निघण्याचा कोन, भिंतीतल्या तुकड्याची लांबी, आणि स्नायूला इजा झाल्याची खूण आहे की नाही, हे सगळं लिहिते, म्हणजे पुढच्या डॉक्टरला तोलायला काहीतरी हातात राहतं. दुकानदारांच्या हृदयविकारतज्ज्ञांनी स्नायूला रक्त पुरतं का याची एक तपासणी करून घेतली. ती चांगली आली. मग पित्ताचं औषध दिलं आणि वर्षाने दाखवायला सांगितलं. मुंबईतल्या एका सर्जनचं मत ऑपरेशनकडे झुकलं होतं. उजव्या धमनीबाबत जाणत्यांतही असे दोन तट आहेत. दुकानदारांच्या पत्नीने मुलांचीही सीटी काढायची का, असं विचारलं. हा दोष सहसा घराण्यातून उतरत नाही, त्यामुळे मुलांना काही त्रास नसेल तर नको, असं मी सांगितलं.

निघताना त्यांनी सीडी परत करू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, काका, ही दुकानाच्या कागदपत्रांत ठेवा. उद्या कधी अँजिओग्राफी करायची वेळ आली, तर तुमची उजवी धमनी नेहमीच्या जागी शोधण्यात डॉक्टरांचा वेळ आणि डाय दोन्ही वाया जातील. ही बघितली की कुठली नळी घ्यायची, हे त्यांना आधीच ठरवता येईल.