लाल गोळी आणि केशराचं दूध

सुनेला दिवस गेले की घरात प्रत्येकाला मत फुटतं. केशराचं दूध द्या, बाळ गोरं होईल. लोहाच्या गोळ्या नकोत, बाळ काळं निपजेल. मग आशाताईंनी फुकट दिलेली लाल गोळ्यांची पाकिटं फळीवर पडून राहतात आणि जाहिरातीतला महागडा पावडरचा डबा मात्र घरात येतो.

बाळाचा रंग आईवडिलांकडून येतो, गोळीतून नाही. गोळीने काळी होते ती फक्त आईची शौच, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आपल्या रंगवेडापायी पोटुशीचं रक्त कमी राहू देणं, याला अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी निघाल्या. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली, तिने गिरणीकामगार गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि त्यावर यीस्टचा अर्क लागू पडतो हे दाखवलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं; लाल गोळीत लोहाच्या जोडीला तेच असतं. आपल्याच गिरणगावातल्या बायकांमुळे जगाला जे कळलं, ते आपण फळीवर टाकून देतो!

सुशिक्षित घरांची तऱ्हा उलटी. ‘जीवनसत्त्वच आहे, जास्त घेतलं तर काय बिघडतं?’ बिघडतं. रेटिनॉल रूपातलं जीवनसत्त्व अ यकृतात साठतं आणि पहिल्या महिन्यांत ते फार झालं तर गर्भात व्यंग येऊ शकतं. म्हणून मल्टिव्हिटॅमिनच्या जोडीला कॉड लिव्हर ऑइल स्वतःच्या मनाने सुरू करू नये. घरातल्या सगळ्या बाटल्या डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नयेत, लोहाच्या गोळीवर चहा तर नाहीच.

बाळंतपणानंतर तर आईकडे कुणाचं लक्षच नसतं. सरकारी कार्यक्रमात लोहाची गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस सांगितली आहे. घरोघरी ती बारशाआधीच थांबते. शुद्ध शाकाहारी आईत बी-१२ कमी असेल तर ते दुधातही कमी उतरतं आणि अंगावर पिणाऱ्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. तरी बाळाचं वजन दर महिन्याला होतं, आईचं रक्त तपासायचं कुणाला सुचत नाही. नवऱ्यांनी निदान तिचं हिमोग्लोबिन किती आहे हे माहीत करून घ्यावं, आणि तपासणीच्या दिवशी तिला सासूबाईंच्या भरवशावर न सोडता स्वतः सोबत जावं.