अपयश आणि सबब

अपयशातून मनुष्य शिकतो, असे आपण फार सहजपणे म्हणतो. वस्तुतः अपयशातून तो बहुधा सबबी शिकतो. एखादी वस्तू कोणासाठी, कशी व कोणत्या किमतीस करावयाची हे ठरविण्याचे काम ज्याच्याकडे असते, आणि ज्यास हल्ली प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात, त्याला तर हा मोह विशेषच पडतो. कारण वस्तू बाजारात पडली की कारागीर, विक्रेते, सरकार आणि खुद्द गिऱ्हाईक इतके जण दोषाचे वाटेकरी म्हणून त्याला आयतेच मिळतात.

टाटांच्या 'नॅनो' मोटारीचेच उदाहरण घेऊ. पावसात एका स्कूटरवरून चाललेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना तिची कल्पना सुचली. हेतूच्या थोरवीविषयी शंका घेण्यास जागा नाही. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली, तेव्हा एक लाख रुपये या किमतीने सारे जग चकित झाले. पुढील वर्षी दोन लाखांहून अधिक लोकांनी तिच्यासाठी नोंदणी केली. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या बेताने उभारण्यात आला. परंतु विक्रीने कोणत्याही वर्षी एक लाखाचाही पल्ला गाठला नाही, आणि २०१८ मध्ये उत्पादन थांबल्यातच जमा झाले.

याची कारणे सांगता येतात. २००८ मध्ये सिंगूर सोडावे लागले, वेळ गेला. काही गाड्यांनी पेट घेतल्याने भीती पसरली. ही कारणे खोटी नाहीत. परंतु खरी कारणेदेखील सबब होऊ शकतात, हेच येथे ध्यानात घ्यावयाचे आहे.

'सर्वांत स्वस्त मोटार' ही तिची ख्याती होती, आणि तीच तिला भोवली. स्कूटर सोडून मोटार घेणारा गृहस्थ केवळ डोक्यावरचे छप्पर विकत घेत नाही; सोयऱ्याधायऱ्यांच्या लग्नमंडपापुढे ज्या दारातून आपण उतरणार, त्या दाराचीही किंमत तो मोजीत असतो. तेथे आपली काटकसर चारचौघांत जाहीर व्हावी, असे कोणास वाटेल? स्वस्तपणाचा हा शिक्का घातक ठरला, हे रतन टाटांनी पुढे जाहीरपणे मान्य केले.

यावर कोणी म्हणेल की हे मागाहून सुचलेले शहाणपण होय. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच दुर्दैव आणि चूक यांत भेद करण्यास एक कसोटी हवी: ज्या प्रश्नाचे उत्तर आज मिळाले, तो प्रश्न त्या वेळी विचारता आला असता काय? सिंगूरचे वादळ कोणास विचारून कळले नसते. परंतु, "ही गाडी दाराशी उभी राहिली तर तुम्हांस कसे वाटेल?" हा प्रश्न कोणत्याही स्कूटरवाल्याच्या ओटीवर बसून विचारता आला असता.

भिजणाऱ्या कुटुंबाची गरज दिसणे ही करुणा; त्याचा स्वाभिमान दिसणे हा आदर. दुसऱ्याचे भले करू पाहणाऱ्याच्या हातून बहुधा हा दुसरा भाग निसटतो, मग तो कारखानदार असो, शिक्षक असो की बाप असो. आपण न विचारलेला प्रश्न ज्याला अपयशानंतर वाटेकऱ्यावाचून स्वतःपुरता सापडतो, तोच शिकला म्हणावयाचे. इतरांचे केवळ वय वाढते.