नाही म्हणण्याची मुभा

उपकाराला अट असावी की नसावी, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे शाळेच्या पुस्तकापासून कीर्तनापर्यंत एकच मिळते : असू नये. या हाताचे त्या हाताला कळू नये, केले ते विसरावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु उपकार करणारा परधर्माचा असेल आणि ज्याच्यावर उपकार होतो तो पोटासाठी परक्या गावी आलेला असेल, तर हेच सोपे उत्तर एकदम अवघड होऊन बसते. मग आपण उपकाराकडे पाहत नाही. उपकार करणाऱ्याच्या मनात काय आहे ते शोधू लागतो. हा शोध कितपत न्याय्य आहे आणि त्याऐवजी काय शोधायला हवे, एवढाच या लेखाचा विषय.

मी राहतो ते इंदूर मुळी बाहेरून आलेल्यांचेच शहर. होळकरांच्या मागोमाग देशावरून, कोकणातून आमची घराणी इथे आली आणि रामबाग, नारायणबाग अशा वस्त्यांतून रुजली. कापडगिरण्या निघाल्या तेव्हा उत्तरेकडचे कामगार आले. फाळणीनंतर सिंधी आले. इस्पितळांच्या निमित्ताने केरळच्या परिचारिका आल्या. आणि आता झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडचे भिल्ल-भिलाले शेतीची कामे उरकली की बायकामुलांसह येतात, बांधकामांवर राबतात, आणि होळीआधी भगोऱ्याचे दिवस आले की गावी परततात. तेवढे दिवस शहरातली कितीतरी बांधकामे ओस पडतात. यांची बोली शहराला कळत नाही. रेशनकार्ड गावाकडे राहिलेले असते. रात्री मूल तापाने फणफणले तर कोणाचे दार ठोठवावे, हे त्यांना ठाऊक नसते.

आमच्या वसाहतीच्या कडेला एक पाच मजली इमारत दोन वर्षे उठत होती. तिथल्या पालांवर रविवारी संध्याकाळी दोन मल्याळी सिस्टर येत. मुलांना बाराखडी गिरवायला लावत, ताप-खोकल्याची औषधे देत, एखाद्या बाळंतिणीला दवाखान्यात नेत. निघताना छोटी प्रार्थना म्हणत. पुढे आणखी एक मंडळी येऊ लागली. त्यांच्याबरोबर ढोलक असे, येशूची हिंदी भजने असत, आणि शेवटी डाळ-तांदळाच्या पिशव्या वाटल्या जात. थोड्याच दिवसांत वसाहतीत एक अर्ज फिरू लागला : बाहेरची माणसे अडाणी मजुरांना बाटवीत आहेत, त्यांना येथे येण्यास बंदी करावी. अर्ज माझ्या हाती आला तेव्हा, आमच्या नळावर पाणी भरायला येणाऱ्या पालावरच्या बाईला मी विचारले, "सिस्टर की प्रार्थना में नहीं बैठी, तो?" ती म्हणाली, "बैठो ना बैठो, दवाई तो देती हैं." मग हंडा डोक्यावर घेता घेता तिनेच पुस्ती जोडली, "वो दूसरे वाले पहले गाना गवाते हैं, फिर थैली देते हैं." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, बाजारातला भाव सांगावा तसे तिने सांगितले. मी अर्जावर सही केली नाही. त्या बाईला जो फरक दिसत होता, तो अर्जात कुठेच नव्हता.

हा फरक नेमका कशाचा? पहिले उत्तर सुचते ते हेतूचे. महात्मा गांधी १९१८ मध्ये आणि पुन्हा १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले होते. मिशनऱ्यांनी सेवा जरूर करावी, परंतु धर्मांतराचा हेतू मनात ठेवू नये, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले. मत थोर आहे. पण ते लावून पाहायचे कसे? मनातला हेतू कोणत्या पंचनाम्यात सापडणार? शिवाय श्रद्धावंताची बाजूही ऐकली पाहिजे. आपल्याला जे सापडले त्यातच माणसाचे कल्याण आहे असे ज्याला मनापासून वाटते, तो ते इतरांना सांगितल्यावाचून कसा राहील? पंढरीची वाट दाखवणारा वारकरी गावोगाव हेच करतो आणि आपण त्याला हार घालतो. औषध द्या पण ज्या श्रद्धेपायी देता तिचे नाव काढू नका, असे म्हणणे म्हणजे माणसाला अर्धा बाहेर ठेवून घरात बोलावणे झाले.

दुसरे उत्तर मोजणीचे : किती जणांचा धर्म बदलला? इथे एक गंमत आहे. मायदेशी अहवाल धाडणारी मिशनही डोकी मोजत होती आणि मिशनच्या विरोधात उभी राहणारी मंडळीही तीच डोकी मोजत आली. एकाच्या वहीत तो आकडा जमेला, दुसऱ्याच्या वहीत खर्चाला. त्या माणसाला काय वाटले, याचा रकाना दोघांच्याही वहीत नाही.

मला वाटते, खरी कसोटी देणाऱ्याच्या मनात शोधू नये आणि आकड्यातही शोधू नये. ती घेणाऱ्याच्या हातात असते. त्याला 'नाही' म्हणता येते का? आणि आज 'नाही' म्हटल्यावर उद्या तेच औषध, तीच बाराखडी त्याला मिळते का? मिळत असेल तर देणाऱ्याच्या मनात काय का असेना, ते दान आहे. मिळत नसेल तर देणारा कितीही गोड बोलो, तो सौदा आहे. पालावरच्या बाईने हेच एका वाक्यात सांगितले होते.

ही कसोटी इंदूरच्या इतिहासाला लावून पाहू. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे रेव्हरंड डग्लस १८७७ साली इंदूरला आले. भर बाजारात उभे राहून प्रवचने करण्यावरून या मिशनचा होळकर दरबाराशी खटका उडाला; दरबाराच्या शिपायांनी प्रवचने थांबवली आणि मध्य भारताचे इंग्रज एजंट सर लेपेल ग्रिफिन हेही मिशनच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. १८८४ मध्ये डॉ. एलिझाबेथ बीटी आल्या आणि पुरुष वैद्याला नाडी न दाखवणाऱ्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर उपलब्ध झाली. १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज निघाले. खंडव्याचा किशोरकुमार इथलाच विद्यार्थी, हे सर्वांना माहीत आहे. पण त्याच्या आधी आणि नंतर आमच्या मराठी घरांतली कितीतरी मुले त्या वर्गांतून शिकून वकील, मास्तर, कारकून झाली. मिशनच्या शिक्षणात बायबलचा तास असे. तो ऐकून, न पटून, घरी येऊन संध्येला बसणारी मुले पदवी घेऊन बाहेर पडली. कॉलेज चालवणाऱ्यांच्या मनात ही मुले ख्रिस्ताकडे यावीत असे होतेच. त्यांनी ते लपवलेही नाही. पण मुलांनी 'नाही' म्हटले आणि वर्गाचे दार उघडेच राहिले. माझ्या कसोटीला हे दान उतरते.

आता अवघड उदाहरण. संवत १९५६ चा, म्हणजे इसवी १८९९-१९०० चा दुष्काळ माळव्यात अजून 'छप्पनिया' म्हणून ओळखला जातो. त्या काळी रस्त्यावर सापडलेली शेकडो पोरकी मुले मिशनने उचलली, जगवली, सुतारकाम-शिवणकाम शिकवले आणि ख्रिस्ती म्हणून वाढवली. त्याआधी १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अशाच शेकडो मुली आणून वाचवल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. पाच-सहा वर्षांचे भुकेले मूल 'नाही' कसे म्हणणार? मग हे आमिष ठरवायचे का? असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्या मुलापुढे दुसरा पर्याय मरणाचा होता आणि तो पर्याय मिशनने उभा केलेला नव्हता. पण मूल मोठे झाल्यावर प्रश्न पुन्हा उभा राहतोच : विसाव्या वर्षी त्याला परत फिरावेसे वाटले असते, तर ते कुठे गेले असते?

इथे कसोटीची दुसरी बाजू दिसते. ती आपल्याकडे बोट दाखवते, म्हणून ती आपण सहसा पाहत नाही. मुंबईत १८४३ साली मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेलेला श्रीपत शेषाद्री हा मुलगा न्यायालयाच्या हुकमाने पालकांकडे परत आला. त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता. तोच पुढे जालन्याजवळच्या बेथेल वस्तीसाठी प्रसिद्ध झालेला रेव्हरंड नारायण शेषाद्री. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तरीही त्याला जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांशी केवढी झुंज द्यावी लागली! 'दर्पण'कारांसारखा विद्वान पाठीशी असताना ब्राह्मणाच्या मुलाची ही गत. मग छप्पनियातल्या भिल्लाच्या किंवा बलुत्याच्या पोराला कोणी दारात उभे केले असते? 'नाही' म्हणायला दोन दारे उघडी लागतात. मदत देणाऱ्याचे, नकारानंतरही. आणि आपल्या माणसांचे, परत यायला. मिशनने पहिले दार लावून घेतले तर तो त्यांचा दोष. पण दुसरे दार आपण लावून घ्यायचे आणि मग माणूस गेला म्हणून ओरडायचे, याला काय म्हणावे?

राज्याने यावर कायद्याचा उपाय शोधला. जुन्या मध्य प्रदेशात, म्हणजे नागपूर राजधानी असताना, १९५४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिचा मिशनच्या कामावर कडक ताशेरे ओढणारा अहवाल १९५६ मध्ये आला. १९६८ मध्ये बळजबरीने किंवा आमिषाने होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदा झाला आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला : घटनेने धर्मप्रचाराचा हक्क दिला आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा नव्हे. २०२१ च्या नव्या कायद्याने धर्म बदलण्याआधी ६० दिवस जिल्हाधिकाऱ्याला कळवण्याची अट घातली. पैतृक धर्मात परतणे मात्र धर्मांतर मानले नाही. आमिष रोखणे योग्यच. पण या कायद्यामागे एक समज दडलेली आहे, की गरीब माणूस स्वतः विचार करून धर्म निवडत नसतो, कोणीतरी त्याला नेत असते. इंदूरजवळच्या महूला जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी ही समज कायमची खोटी पाडली. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, तेव्हा अनेक धर्मांची बोलावणी आली. एकवीस वर्षे त्यांनी अभ्यास केला, एकेकाला नकार दिला आणि १९५६ मध्ये नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या मागून गेलेल्या लाखो गरिबांना काही वाटप मिळणार नव्हते. आणि नागपूरच्या त्या धम्मदीक्षेत स्वतः न्यायमूर्ती नियोगीही सामील होते. आमिषाची चौकशी करणारा माणूस विवेकाने केलेली निवड ओळखत होता, असाच मी याचा अर्थ लावतो.

आता आमच्या भागातली एक रक्तरंजित हकीगत. केरळच्या सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगर परिसरात आदिवासींमध्ये काम करीत. बँकेचे कर्ज कसे मिळवायचे, सरकारी योजनेचा अर्ज कसा भरायचा, हे त्या शेतकऱ्यांना शिकवीत. त्यामुळे सावकाराच्या वहीतून माणसे सुटू लागली. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, त्यांना भोसकून मारण्यात आले. धर्मांतराची ओरड त्यांच्याविरुद्ध होतीच. पण त्यांनी त्या माणसांना काय दिले ते पाहा : सावकाराला 'नाही' म्हणण्याचे बळ. ज्यांचे पोट लोकांच्या होकारावर चालते, त्यांना असे दान सर्वांत जास्त टोचते. पुढे २००२ मध्ये सिस्टरच्या धाकट्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच राणी मारियांना 'धन्य' घोषित करण्यात आले.

ही कसोटी आपल्यालाही लावली पाहिजे, नाहीतर ती लबाडी होईल. थंडीत आमच्याकडच्या एका मंडळाने त्याच पालांवर ब्लँकेटे वाटली. आधी सर्वांना आरतीला उभे केले, मग रांगेत फोटो काढले, मग ब्लँकेट. कोणाला त्यात आमिष दिसले नाही, कारण देव आपला होता. ढोलक आणि पिशवी घेऊन येणाऱ्यांत आणि यांच्यात त्या बाईच्या दृष्टीने काय फरक होता?

दोन भाषांच्या मध्ये राहणाऱ्या तुम्हा-आम्हाला हे वेगळे समजावून सांगायला नको. कागद आमच्या भाषेत आणा म्हणजे काम होईल, मुलाला आमच्या शाळेत घाला म्हणजे सवलत मिळेल, असे गोड आवाजातले सौदे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहेत. तेव्हा आपल्याला काय हवे होते? समोरच्याने आपली भाषा सोडून द्यावी, असे आपण कधी म्हटले नाही. त्याने ती आनंदाने शिकवावी, वाटल्यास तिचे गोडवे गावेत. पण आपण मराठीच बोलत राहिलो तरी आपला कागद त्याने घ्यावा, एवढीच आपली मागणी होती. इंदूरच्या पालावर राहणाऱ्या भिल्ल बाईची मागणी याहून निराळी नाही. ती पुरी करण्याची जबाबदारी सिस्टरची आहे, ढोलकवाल्यांची आहे, आणि तिच्या शेजारी पक्क्या घरात राहणाऱ्या आपलीही आहे.