मधल्या दिवसांचे काम

बारावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये संपतो आणि वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी येते. २०२५ साली बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली, मार्चच्या मध्यावर आटोपली आणि ‘नीट’ ४ मे रोजी झाली. मधे उरले पन्नासेक दिवस. या दिवसांत कोरेगाव, रहिमतपूर, वाठार स्टेशन, पिंपोडे इथली मुले सकाळच्या एसटीने साताऱ्याला क्लासला जातात. ज्यांच्या घरी पैशांची सोय होते ती पुण्याला किंवा लातूरला खोली घेऊन राहतात. अकरावी-बारावीचे सगळे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र चाळीस-पंचेचाळीस दिवसांत पुन्हा एकदा करायचे, यालाच क्रॅश कोर्स म्हणतात. त्याच्या दोन वर्षे आधी, दहावीची परीक्षा होताच, ‘व्हेकेशन बॅच’ नावाचा दुसरा उन्हाळा आलेला असतो. दहावीचा निकाल लागण्याआधीच त्यात अकरावीचे धडे सुरू होतात.

घरी या कोर्सबद्दल एकच प्रश्न विचारला जातो: पोर्शन पूर्ण होईल का? तो होतो. शिकवणारे कसलेले असतात आणि मुले जीव तोडून बसतात. पण शिकण्यात जसे शिकवण्याचे तास असतात, तसे त्या तासांच्या मधले दिवसही असतात, आणि शिकण्याचा फार मोठा भाग त्या मधल्या दिवसांत होतो. वेगवान कोर्समध्ये तास जवळपास तेवढेच राहतात. मधले दिवस मात्र निघून जातात. ते दिवस नेमके काय काम करत होते, हे नीट समजून घ्यायला हवे.

ही घाई फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते आणि त्यासाठी सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र हे विषय आधी पदवीच्या काळात पुरे करावे लागतात. तिथे पंधरा आठवड्यांचे एक सत्र उन्हाळ्यात पाच-सहा आठवड्यांत उरकण्याची सोय विद्यापीठेच देतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही मुलगी यंदा उन्हाळ्यात ‘ऑरगॅनिक’ संपवते आहे, हे कौतुकाने सांगितले जाते. या कोर्सच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद दोन्हीकडे सारखाच आहे: तास तेवढेच आहेत, फक्त रोज जास्त बसायचे. ऐकायला तो अगदी सरळ वाटतो. सगळा प्रश्न त्या ‘फक्त’मध्ये आहे.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्मरणशक्तीवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग झाला तोही तोच. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या माळा तो पाठ करी, काही काळ जाऊ देई आणि मग त्यांतले किती उरले ते मोजी. विसरण्याच्या वेगाबद्दल त्याचे नाव सगळे घेतात. त्याच पुस्तकातली दुसरी नोंद मात्र आपल्या विषयाला जास्त जवळची आहे. एक माळ त्याने तपासणीच्या आदल्या दिवशी एकाच बैठकीत ६८ वेळा घोकली. तशीच दुसरी माळ तीन दिवसांत वाटून ३८ वेळा घोकली. पुढच्या दिवशी दोन्ही जवळपास सारख्याच सहजतेने पुन्हा पाठ झाल्या. म्हणजे श्रम निम्म्याच्या जवळ आले आणि फळ तेवढेच राहिले. तीस घोकण्यांचे काम कोणी केले? मधल्या रात्रींनी केले.

असे का होत असावे? एखादी गोष्ट थोडी पुसट झाल्यावर ती आठवायचा प्रयत्न केला, तर मनाला ती शोधावी लागते. कुठे ठेवली होती, कशाच्या शेजारी होती, तिथवर कोणत्या वाटेने गेलो होतो, हे सगळे पुन्हा चाचपावे लागते. या शोधण्यातच ती वाट पक्की होते. सकाळी शिकलेला धडा दुपारी उघडला तर शोधायचे काही नसते, तो समोरच असतो. सगळे ओळखीचे वाटते, पान उलटले की समाधान मिळते आणि मुलाला प्रामाणिकपणे वाटते की आपल्याला हे येते. ही जाणीव खोटी नसते. ती फक्त त्या दुपारपुरती खरी असते.

२००७ साली डग रोहरर आणि केली टेलर या दोन संशोधकांनी याचीच दुसरी बाजू दाखवली. महाविद्यालयीन मुलांना त्यांनी चार घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. काहींना एकेका आकृतीची उदाहरणे सलग दिली, तर काहींना चारही प्रकारांची मिसळून दिली. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि मिसळवाल्यांची ६० टक्के. इथेच थांबले असते तर कोणत्याही शिक्षकाने सलग सरावच निवडला असता. आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा सलगवाल्यांची २० टक्के उत्तरे बरोबर आली आणि मिसळवाल्यांची ६३ टक्के.

हे आकडे मला क्रॅश कोर्सच्या प्रत्येक पालकासमोर ठेवावेसे वाटतात. कोर्सची रोजची घडण पाहा: आज घूर्णन गती, उद्या गुरुत्वाकर्षण, परवा उष्मागतिकी. त्या त्या दिवशी त्याच धड्याची चाळीस उदाहरणे सोडवायची. आज कोणते सूत्र लावायचे हे उदाहरण वाचण्याआधीच ठरलेले असते. मुलगी धडाधड उत्तरे काढते, सरांना आनंद होतो, घरी फोन जातो. पण परीक्षेच्या कागदावर धड्याचे नाव छापलेले नसते. उतारावरून घरंगळणारा गोळा दिसतो. तिथे बलांची बेरीज करायची, की ऊर्जेचा हिशेब मांडायचा, की गोळा फिरतो आहे हेही धरायचे, हे तिला स्वतः ठरवावे लागते. ‘नीट’मध्ये १८० प्रश्न आणि १८० मिनिटे असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकले तर एक वजा होतो. सूत्र लावणे हे त्यातले छोटे काम आहे. कोणते सूत्र ते ओळखणे हे मोठे काम, आणि नेमका त्याचाच सराव सलग शिकवण्यात होत नाही. २०२५ च्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नांनी देशभरातल्या मुलांना रडवले. त्या वर्षी पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यालाही ७२० पैकी ६८६ गुण होते. परीक्षेला बसलेल्या बावीस लाखांहून अधिक मुलांपैकी कितीजणांना सूत्रे पाठ होती आणि तरी हात पुढे सरकला नाही, याचा विचार केला तरी वाईट वाटते.

कोरेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. अक्षय्य तृतीयेच्या आसपास, ‘नीट’च्याच दिवसांत, इथे आल्याची लागण होते. पीक निघायला आठ-नऊ महिने लागतात. भाव चढा दिसला म्हणून तीन महिन्यांचे पाणी एका महिन्यात दिले, तर आले लवकर पोसत नाही, कंदकूज लागते. ज्या बापाने हे अनुभवाने ओळखलेले असते, तोच त्या आल्याच्या पैशातून कोर्सची फी भरतो. लेकरासाठी काही कमी पडू नये, एवढेच त्याच्या मनात असते.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. घाईत काही गोष्टी खरोखर जमतात. जीवशास्त्राचा मोठा भाग, म्हणजे वर्गीकरणातली नावे, संप्रेरके आणि त्यांची कामे, वनस्पतींची कुळे, हे दोन वर्षे नीट वाचलेले असेल तर पंचेचाळीस दिवसांत लख्ख होते. ‘नीट’मध्ये ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, म्हणून गुणही वाढतात. असेंद्रिय रसायनशास्त्राचेही बरेचसे तसेच आहे. जे एकदा मनात बसले होते आणि धूळ खात पडले होते, ते झटकून वर काढायला उन्हाळा चांगला. मोलची कल्पना, समतोल, बल आणि त्वरण यांचे नाते, विद्युतक्षेत्र या गोष्टींचे तसे नाही. त्या पहिल्यांदा भेटतात तेव्हा चुकीच्याच समजतात. मग कधीतरी एखाद्या उदाहरणात त्या चुकीला ठेच लागते, दोन दिवस डोक्यात घोळ राहतो, आणि एका सकाळी गाठ सुटते. घोळ राहण्याचे ते दोन दिवस कोर्सच्या वेळापत्रकात नसतात. तिथे दुसऱ्या दिवशी पुढचा धडा असतो.

म्हणूनच हे कोर्स सगळ्यांना सारखे फळत नाहीत. ज्याची अकरावी नीट झाली त्याला ते उजळणी देतात. ज्याची अकरावी झालीच नाही त्याला ते फक्त ओळखीचा भास देतात. आणि आपल्याकडे अकरावी पुष्कळांची होत नाही. दहावीचा निकाल मेमध्ये लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या चालतात, वर्ग भरायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. दहावीपर्यंत मराठीतून किंवा सेमीतून शिकलेली मुलगी इंग्रजीतल्या विज्ञानाच्या पुस्तकाशी झगडत दिवाळीपर्यंत पोचते. ‘नीट’ मराठीतूनही देता येते. पण अकरावी-बारावीचे वर्ग, पुस्तके, क्लासच्या नोट्स सगळे इंग्रजीत असताना ऐन परीक्षेत मराठी निवडायला धजावते कोण? भाषेशी जुळवून घ्यायलाही मधले दिवस लागतात. तेही तिला मिळाले नाहीत. मग शेवटच्या पन्नास दिवसांवर दोन वर्षांचे ओझे येते.

लातूर पॅटर्नचा दाखला इथे नेहमी दिला जातो. लोकांना त्यातला कडकपणा दिसतो: पहाटेचे उठणे, तासन्‌तास बसणे. पण त्याचा कणा म्हणजे सराव परीक्षांची न थांबणारी मालिका, आणि ती दोन वर्षे चालते. जून महिन्यातला धडा ऑगस्टमध्ये, नोव्हेंबरमध्ये, पुन्हा फेब्रुवारीत विचारला जातो. मुलाला तो दरवेळी थोडा विसरलेला असतो आणि दरवेळी शोधून काढावा लागतो. पंचेचाळीस दिवसांच्या कोर्सला ‘लातूर पॅटर्न’ची पाटी लावली, तर कडकपणा तेवढा येतो. परतून येणे राहून जाते.

लांब जायचेही कारण नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादाचे जे काम केले, ते बघायला महाराष्ट्रभरातून शिक्षक येत असत. तिथे सहा-सात वर्षांची मुले जमिनीवर आखलेल्या चौकटींत खडे, काड्या मांडून दशक-एकक स्वतः शोधत. मुलाला वेळ द्या, ते रचते, हा त्या कामाचा पाया. मूल सतरा वर्षांचे झाले आणि विषय आणखी अवघड झाला, की आपण हेच सगळे विसरतो, याचा मला खरोखर खेद वाटतो.

कोणी म्हणेल, परीक्षा एकदा निघाली की झाले, पुढे डॉक्टर होताना हे भौतिकशास्त्र लागते कुठे? लागते. ज्यां पोआझय हा फ्रेंच वैद्य होता. रक्त बारीक नळ्यांतून कसे वाहते हे कळावे म्हणून त्याने काचेच्या नळ्यांतून द्रव सोडून मोजमापे केली आणि १८४० च्या दशकात नियम मांडला: प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव होणारी बाई रुग्णालयात येते तेव्हा तिच्या शिरेत द्रव देण्यासाठी हिरवी, म्हणजे जाड कॅन्युला लावायची की निळी, म्हणजे बारीक, हे या चौथ्या घातावर ठरते. तिथे हा नियम कागदावर आठवून चालत नाही. अर्ध्या मिनिटात हात त्या हिरव्या कॅन्युलाकडे गेला पाहिजे. दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका थोडीशीच अरुंद झाली तरी तो इतका का धापा टाकतो, हेही याच नियमाच्या जवळचे आहे. मिरजेला १९६२ पासून, कराडला १९८४ पासून आणि आता साताऱ्यालाही वैद्यकीय महाविद्यालय आहे. कोरेगावची मुलगी घरापासून तास-दोन तासांच्या अंतरावर डॉक्टर होऊ शकते आणि पुन्हा याच तालुक्यात काम करू शकते. तिच्या हातात येणाऱ्या माणसांसाठी तरी हे विज्ञान मे महिन्यानंतर टिकायला हवे.

मग पन्नास दिवस हातात असलेल्या मुलाने करायचे काय? कोर्स लावला असेल तर लावावा. घरी एकट्याने बसण्यापेक्षा तो बरा. पण मधले दिवस पूर्ण गमावू नयेत. आजचा धडा आज पुन्हा न उघडता परवा उघडावा, आणि उघडण्याआधी कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहून काढावे. रोज संध्याकाळी गेल्या दहा दिवसांतल्या वेगवेगळ्या धड्यांची दहा उदाहरणे मिसळून सोडवावीत. कमी बरोबर येतील. आली तरी घाबरू नये, आणि घरच्यांनीही त्या आकड्यावरून बोलू नये. अकरावीत जो धडा कधी समजलाच नव्हता, तसे एक-दोनच धडे निवडावेत आणि त्यांना आठवड्याच्या अंतराने तीनदा भेटावे. बाकीचे न समजलेले सोडून द्यावेत. सगळे थोडे थोडे करण्यापेक्षा यात जास्त गुण आहेत. आणि झोपावे. रात्री दोनपर्यंत जागणारे मूल मधल्या रात्रीचे कामही हातचे घालवते.

खरी संधी मात्र पहिल्या उन्हाळ्यात आहे, दहावीनंतरच्या. मार्चमध्ये परीक्षा आटोपते आणि अकरावीचे वर्ग भरेपर्यंत तीन-चार महिने मोकळे असतात. व्हेकेशन बॅच त्यांत धडे भरते. त्याऐवजी कोरेगावातल्या, रहिमतपुरातल्या कनिष्ठ महाविद्यालयांनी आपल्या प्रयोगशाळा आठवड्यातून दोन सकाळी उघडाव्यात. त्या तेव्हा रिकाम्याच असतात. एक आठवडा दोलकाचा: दोरी लांब केली, आखूड केली, वेळ मोजला, वहीत लिहिले. पुढचा आठवडा ब्युरेट आणि आम्ल-आम्लारीचा. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा दोलक, पण या वेळी वही न उघडता. फी लागणार नाही, नोट्स लागणार नाहीत. एक शिक्षक, वीस मुले आणि तीन महिने एवढे पुरे आहे, आणि पहिल्या महिन्यात कोणी पोर्शन किती झाला असे विचारले, तर दोन धडे झाले म्हणून न संकोचता सांगावे.