कलाशिक्षकाचे चरित्र

कलाशिक्षकाचे चरित्र लिहिणे हे चित्रकाराचे चरित्र लिहिण्याहून कठीण असते. चित्रकाराच्या मागे त्याची चित्रे राहतात. त्यांवर सही असते, साल असते. कलाशिक्षकाचे खरे काम दुसऱ्याच्या कागदावर झालेले असते. विद्यार्थ्याने काढलेल्या घड्याची एका बाजूला कललेली कड तो पेन्सिलीच्या एका रेषेने सावरतो आणि ती रेष पुढे रंगाखाली झाकली जाते. असा शिक्षक गेल्यावर त्याच्या नावावर दाखवण्याजोगे फारसे काही उरत नाही. उरते ती अनेकांना लागलेली नीट पाहण्याची सवय. त्याची आठवण ठेवायची तर या सवयीचाच माग काढावा लागतो.

विदर्भातून आलेल्या अशा शिक्षकाचे ठळक उदाहरण म्हणजे शंकर पळशीकर. त्यांचा जन्म 1917 साली भंडारा जिल्ह्यातील साकोली येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकून ते तेथेच शिक्षक झाले आणि 1968 ते 1975 या काळात त्या संस्थेचे अधिष्ठाता होते. 1984 मध्ये त्यांचे निधन झाले. ते स्वतः मोठे चित्रकार होते. व्यक्तिचित्रे, लघुचित्रांच्या अभ्यासातून आलेली आलंकारिक चित्रे आणि पुढे अमूर्ताकडे वळलेली चित्रे असा त्यांचा प्रवास झाला. तरीही कलाजगतात त्यांचे नाव सर्वाधिक आदराने घेतले जाते ते शिक्षक म्हणून. वासुदेव गायतोंडे, तैयब मेहता, अकबर पदमसी, मोहन सामंत आणि पुढच्या पिढीतील प्रभाकर कोलते हे त्यांचे विद्यार्थी.

या नावांतील अर्थपूर्ण गोष्ट अशी की, यांपैकी कोणाचेही चित्र दुसऱ्याच्या चित्रासारखे नाही. नागपुरात जन्मलेल्या गायतोंडे यांच्या चित्रात रंगाचा शांत, एकसंध विस्तार आहे, तर तैयब मेहता यांच्या चित्रात तिरक्या रेषेने दुभंगलेल्या मानवाकृती आहेत. कोलते यांनी अमूर्ताची वेगळी वाट चोखाळली आणि काही काळ जे. जे. मध्ये अध्यापनही केले. गुरूची शैली विद्यार्थ्यांत दिसली असती, तर त्यांनी अनुकरण शिकवले असे म्हणावे लागले असते. ती दिसत नाही, यातच पळशीकरांच्या शिकवण्याचे मोठेपण आहे. विद्यार्थ्याला स्वतःची दृष्टी सापडावी आणि शिक्षकाचा हात कोठेही उमटू नये, ही कलाशिक्षणाची सर्वांत अवघड कसोटी होय.

हीच कसोटी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील शाळांना लावली, तर ‘ड्रॉइंगच्या सरां’चे काम नव्याने लक्षात येते. हे जिल्हे ज्या वऱ्हाडातले, तो 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता; त्या वर्षी तो मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. मुंबईच्या मोठ्या कलासंस्था आणि प्रदर्शने या भागापासून दूरच राहिली. दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा येथील मुलामुलींना कलेची पहिली ओळख व्हायची ती शाळेतल्या ड्रॉइंगच्या तासाला. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा हा त्या ओळखीचा नकाशा होता.

या परीक्षांचे विषयच पाहण्याचे वेगवेगळे प्रकार शिकवतात. वस्तुचित्रात समोर ठेवलेले मडके आणि वरुड-मोर्शीकडची दोन संत्री जशी दिसतात तशी काढायची असतात. मनाला ठाऊक असलेला गोल आणि डोळ्याला दिसणारा लंबगोल यांतला फरक तेथे पहिल्यांदा कळतो. स्मरणचित्रात पोळ्याच्या तोरणाखालची बैलजोडी किंवा कापूस वेचणाऱ्या बाया आठवून काढायच्या असतात, म्हणून मूल घराबाहेर पडले की लक्ष देऊन पाहू लागते. संकल्पचित्र रंगसंगती व तोल शिकवते, तर कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन अचूकपणा व संयम. चांगला शिक्षक या विषयांच्या तयार युक्त्या घोटून घेत नाही. तो मुलांना वर्गाबाहेर नेतो, बाळापूरच्या छत्रीच्या कमानी आणि नरनाळा किल्ल्याच्या दरवाजावरील कोरीव काम पाहायला लावतो, दुपारच्या उन्हात पडलेल्या सावलीतही रंग असतो हे दाखवतो.

त्याच्या हाताखालून गेलेल्यांपैकी चित्रकार होणारे मोजकेच. बाकीचे शेतकरी, शिंपी, सुतार, परिचारिका, अभियंते, शिक्षक होतात. पण कापडाचा रंग निवडताना, दुकानाची पाटी लिहिताना, गणपतीची मूर्ती रंगवताना वर्गात लागलेली सवय कामी येते. एखाद्या गावाची अभिरुची घडते ती अशा पुष्कळांमुळे. कलाशिक्षकाचे यश यशस्वी चित्रकारांच्या यादीतून मोजणे म्हणूनच अपुरे आहे.

या कामाला व्यवस्थेने मात्र दुय्यम स्थान दिले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीची पटसंख्या 100 हून अधिक असलेल्या शाळेसाठी कलाशिक्षणाचा निदेशक अर्धवेळच धरला आहे. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळत असल्याने परीक्षेला बसणारे असतात, पण गुणांसाठी काढलेले चित्र आणि पाहण्यासाठी काढलेले चित्र यांत अंतर आहे. ते अंतर मिटवणारा माणूस पूर्णवेळ वर्गात असावा लागतो.

अशा शिक्षकाचे स्मरण हार, तसबीर आणि शोकसभेवर संपू नये. त्याने सुधारलेले कागद, फळ्यावर काढून दाखवलेल्या आकृत्यांच्या नकला, वस्तू मांडण्याच्या त्याच्या पद्धती आणि विद्यार्थ्यांच्या तोंडच्या आठवणी हीच त्याच्या चरित्राची साधने आहेत. ती जुन्या वह्यांबरोबर रद्दीत जातात. अमरावती-अकोल्याच्या शाळांनी, कला महाविद्यालयांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी ती आताच गोळा करावीत, त्यांची प्रदर्शने भरवावीत आणि नव्या कलाशिक्षकांच्या हाती द्यावीत. वऱ्हाडाला पाहायला ज्यांनी शिकवले, त्यांचे एवढे ऋण वऱ्हाडाने फेडायलाच हवे.