पिंडदान सोडले, सेवा सोडू नका



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूर येथे ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची आहे. पुष्कळजण तिचा अर्थ अर्धाच घेतात. कावळ्याला घास घालणे बंद केले म्हणजे प्रतिज्ञा पुरी झाली, असे त्यांना वाटते. परंतु मेल्यावर देणे फेडण्याची वाट ज्याने स्वतःच बंद केली, त्याने आईबापांचे देणे त्यांच्या हयातीतच दिले पाहिजे. प्रतिज्ञेचा दुसरा अर्धा भाग तो हाच.

सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल नावाच्या तरुणाला तथागतांनी सांगितले की, पूर्व दिशा म्हणजे आईबाप. मुलाचे पहिले कर्तव्य हे की, त्यांनी मला पोसले, आता मी त्यांना पोसावे. पण पोसणे म्हणजे केवळ दरमहा पैसे देणे काय?

याचे उत्तर विनयपिटकाच्या महावग्गात आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन स्वतःच्या घाणीत पडला होता. कोणी त्याच्याजवळ जाईना. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणविले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला खाटेवर निजविले. ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी, असे ते नंतर भिक्खूंना म्हणाले. तेथेच शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत: औषध देता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस धरू नये, आणि धम्माच्या गोष्टी सांगून धीर द्यावा.

आता आपापल्या घरात पाहा. सासूचे अंथरूण कोण बदलते? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस कोण पालटते? सून. आणि मुलगा विहारात समतेवर भाषण करीत असतो! भगवंतांनी ज्या कामाला स्वतः हात लावला, ते काम बाईमाणसाचे कसे ठरते? जन्मावरून काम वाटून देणे आपण नाकारले, मग घरात तीच वाटणी का ठेवावी? आणि सातबाऱ्यावर डोळा ठेवून केलेली सेवा ही सेवाच नव्हे.

काही घरांत म्हातारी अजून खंडोबाचा टाक उशाशी ठेवते. तिच्याशी भांडू नका. आईबापांना शंभर वर्षे खांद्यांवर वाहिले तरी उपकार फिटत नाहीत, त्यांना श्रद्धा, शील, त्याग व प्रज्ञा यांत स्थिर केले तरच फिटतात, असे अंगुत्तर निकायात सांगितले आहे. हे काम वादाने होत नाही. ज्या मुलाने किळस न धरता तिला धुतले, त्याच्या तोंडचा धम्म तिला पटेल. जो दारातूनच उपदेश करून निघून जातो, त्याचे ती का ऐकेल?

म्हणून शिकल्या-सवरल्या बंधूंनो, ज्यांनी मोलमजुरी करून आपल्याला शाळेत घातले, त्यांच्या खाटेजवळचे भांडे आज पत्नीच्या हातून आपल्या हाती घ्या. सहावी प्रतिज्ञा पाळण्याची सुरुवात तेथून होते.

नमो बुद्धाय! जय भीम!